चिमीने खुर्ची सोडली

४ जून
चिमीने खुर्ची सोडली! पंख्याखाली बसून नकाशे काढायची इंजिनिअरची नोकरी सोडून नात माझी साबणाच्या कारखान्यात प्रोसेस ऑपरेटर म्हणून लागली. टाक्या सांभाळायच्या, तिन्ही पाळ्यांत. तिचा बाप ताटावरून उठला. "यासाठी शिकवली?" जुन्या ऑफिसने महिनाअखेरपर्यंत जागा धरलीय. तोवर परत जा, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस — झालं फर्मान!

७ जून
मुलगा दोन्ही पगार मांडून बसला. इंजिनिअरचा आकडा हा एवढा लांब! म्हटलं, "यातले हातात किती रे?" "आई, तुला नाही कळायचं. पॅकेज असतं." विमा धरला, म्हातारपणीचे पैसे धरले, ऑफिसच्या गाडीचं भाडंसुद्धा धरलं! आणि प्रोसेसचा मांडला नुसता मूळ पगार. पाळीभत्ता नाही, ओव्हरटाइम नाही. "ते वरचे पैसे, त्याला पगार म्हणत नाहीत." मग काय म्हणतात, भीक?

८ जून
बापलेकीचा अबोला आतापासूनच. "बाबांना सांग." "तिला सांग." मी पोस्टमन.

१५ जून
चिमीला एकटीला गाठलं. "आजी, तिथे उशिरापर्यंत बसायचे त्याची दमडीही मिळायची नाही. इथे तासभर जास्त थांबले तर दुप्पट."
"आणि पुढे?"
"पुढे इंजिनिअरचा पगार वाढत जातो, इथला अडकतो. बाबांचं तेवढं खरं आहे."
"मग गं?"
"आता झोप लागते, आजी."
डोळ्यांखालचं काळं गेलंय, ते मलाही दिसतं.

३० जून
जुन्या ऑफिसला चिमी फोनवर नाही म्हणाली. बाप उठून गॅलरीत गेला.

२ जुलै
चिमी वेळेवर आली नाही. सून रडकुंडीला. मुलगा तडक कारखान्याच्या गेटवर. वॉचमन म्हणाला, "बदलीचा माणूस आला नाही. तो येईपर्यंत मॅडमना टाकी सोडता येत नाही." हा बाहेर उभाच! शेवटी दोघं एका स्कूटरवर आली — आणि जिन्यातच भांडणं सुरू. "निदान फोन तरी करायचास!" "आत फोन नेऊ देत नाहीत, बाबा!" भांडेनात का, बोलली एकदाची! सुटले बाई. पोटभर जेवले.

९ जुलै
कारखान्याने चिमीला विचारलं — इंजिनिअर म्हणून वर येता का? पाळ्या नाहीत, पण पाळीभत्ता-ओव्हरटाइमही नाही, म्हणून हातात आताच्यापेक्षा कमी. ती बापाकडे बघत राहिली. तो म्हणाला, "हातात कमी? मग घाई कसली? राहा टाकीवर."