ब्रिताबाईचा दहावा आणि एक्केचाळीस कादंबऱ्यांची व्यवस्था

पुढची कलमे वाचणाऱ्याला कळावीत म्हणून झालेली हकीकत आधी क्रमाने लिहिते.

१. युसूफ वडगावच्या दवाखान्यात मी सहा वर्षे कंपाउंडर आहे, बाळंतपणेही पाहते. बाजाराच्या दिवशी औषधाला आलेल्या बायकांना दोन-दोन तास बसावे लागते. त्या वेळात मी त्यांना कादंबरी वाचून दाखवीत असे.

२. निजामी सन १३३० फसलीत मी नॉर्वे मुलखातली एक कादंबरी घेतली. पुस्तक इंग्रजी, वाचता वाचता मी मराठी करीत होते. त्यातली ब्रिता ही कोळ्याची विधवा. नवरा समुद्रात बुडाला, मुलगा परक्या जहाजावर गेला, नवऱ्याची होडी दिराने नेली. एकोणिसाव्या बैठकीत ब्रिता झोपडीत एकटी मेली. पुस्तक तिथेच संपते.

३. त्यानंतर दहाव्या दिवशी गावातल्या सात बायकांनी ओढ्याकाठी तिचा दहावा केला. गोत्र सांगता येईना म्हणून भटजी मिळाला नाही.

४. पोलीस पाटील गहिनीनाथ यांनी वर्दी दिली की, दवाखान्यात ब्रिताबाई नावाची बाई दगावली असून ती मयत लपवली आहे. प्लेगचे दिवस होते. मयत लपवणे हा गुन्हा होता.

५. पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दोन जवान घेऊन आले. सातही बायकांच्या जबान्या झाल्या. मी पुस्तक हजर केले. ‘मयत काल्पनिक, गुन्हा नाही’ असा शेरा पडून प्रकरण मिटले.

६. तरी दवाखान्याच्या आवारात वाचायला मनाई झाली. ती आजही आहे.

७. माझ्या पोटात गाठ आहे. हैदराबादेस शस्त्रक्रिया ठरली आहे. ज्या डॉक्टरीणबाईंनी मला शिकवले त्यांना मी स्पष्ट विचारले. त्यांनी स्पष्ट सांगितले की पाचांत एक दगावते.

सबब मी रुक्मिणी, तेलगावच्या कै. रामहरी यांची मुलगी, वय वर्षे अठ्ठावीस, हा लेख लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी मी अकरा औषधे तोलून दिली, एकातही फरक नव्हता. मला कोणी सांगितलेले नाही, कोणी भरीस घातलेले नाही. माझे लग्न नवव्या वर्षी झाले आणि अकराव्या वर्षी संपले. त्याविषयी या दस्तात याहून जास्त लिहिण्याची गरज नाही. वडिलांची काठी सोडली तर खाली लिहिलेले सर्व मी स्वतःच्या कामातून मिळवले आहे.

कलम पहिले. माझे दोन खोल्यांचे घर. मागची खोली दगडाबाई यांनी हयातभर वापरावी. त्या माझ्या कोणी नात्याच्या नाहीत. मी गावात आले तेव्हा ‘बाई कोन जातीची, कुनाची’ असे न विचारता ‘बाई जेवली का’ असे विचारणाऱ्या त्या एकट्या होत्या. पुढची खोली मोकळी ठेवावी. तिचा उपयोग कलम सहामध्ये लिहिला आहे. दवाखान्याच्या आवारात मनाई आहे. माझ्या घरात नाही.

कलम दुसरे. माझे वडील बंधू सुंदरराव, राहणार तेलगाव. डाकघरातली माझी शिल्लक आईला द्यावी, ती त्यांच्याकडे राहते. त्यांना स्वतःला वडिलांची चांदीच्या मुठीची काठी द्यावी. पुस्तकांवर त्यांचा हक्क नाही. पुस्तके बांधलेल्या सुतळीवरही नाही. अमीनसाहेब येऊन गेल्यावर बंधू बैलगाडी घेऊन आले होते. ओसरीवर उभ्यानेच म्हणाले,

“रुक्मे, आपल्या घरात आजवर कदी अमीन आला न्हवता. ती गोऱ्या बायांची पुस्तकं वाण्याला घाल. पुड्या तरी बांधल त्याच्या.”

“अमीन तुमच्या घरी आले नव्हते, माझ्या घरी आले.”

“घर एकच हाय.”

“मग सहा वर्षांत आज पहिल्यांदा कसे दिसले ते?”

ते पाणी न पिता गेले. मी पाणी दिले होते, हे इथे नोंदवते.

कलम तिसरे. माझा तराजू, वजनांची पेटी, दोन मापाचे पेले आणि तापमापी माझ्या जागी येणाऱ्या कंपाउंडरने घ्यावी. तराजूचे डावे पारडे अर्ध्या ग्रेनने हलके आहे. त्याच्या तळाला कागदाचा कपटा चिकटवून मी ते बरोबर केले आहे. तो कचरा समजून काढू नये.

कलम चौथे. माझी पुस्तके. एकूण एक्केचाळीस कादंबऱ्या, तेरा मुलखांच्या: रशिया, फ्रान्स, जर्मनी, नॉर्वे, इंग्लंड, आयर्लंड, इटली, स्पेन, अमेरिका, मिसर (इजिप्त), इराण, चीन आणि जपान. हिंदुस्थानातल्या यात धरलेल्या नाहीत. पंचवीस इंग्रजी, नऊ उर्दू, सात मराठी. काही हैदराबादेत शिकताना जुन्या बाजारात घेतल्या, बाकीच्या डाकेने मागवल्या. इंग्रजीपैकी अठरा मी स्वतः मराठीत वह्यांवर उतरवून ठेवल्या आहेत. म्हणजे आज मराठी वाचता येणाऱ्या माणसाला पंचवीस कादंबऱ्या वाचता येतील. उरलेल्या सोळाही सांभाळाव्यात. आज उघडता येत नाहीत म्हणून त्या रद्दी होत नाहीत.

प्रत्येक पुस्तकाच्या कडेला कागदाच्या लहान चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसतील. औषधाच्या बाटलीवर आम्ही कातरलेली पट्टी लावतो, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही एक वेळचा डोस कळतो. पुस्तकांना तेच केले आहे. दोन चिठ्ठ्यांमधला मजकूर म्हणजे एका बैठकीचे वाचन. चिठ्ठी मध्येच कुठेही लावलेली नाही. पुढे काय झाले हे विचारल्याशिवाय बाई घरी जाऊ नये, अशा जागी ती लावली आहे.

या पुस्तकांचा मला अभिमान आहे. ऐकणाऱ्या बायकांचा त्याहून जास्त आहे. त्यांतल्या पाच जणींनी केजच्या पलीकडे पाऊल टाकलेले नाही. आयर्लंडच्या कादंबरीत शेताचा खंड थकला म्हणून मालक कुळाच्या घराचे छप्पर काढून नेतो. ते ऐकून दगडाबाई म्हणाल्या, “देशमुख तिकडं बी हायेत म्हन की.” जपानच्या गोष्टीत मुली रेशमाचे कोश उकळत्या पाण्यातून काढतात, तेव्हा बायनाबाईंनी मला थांबवून विचारले, “उकळत्या म्हंजे किती? हात घालता येतो का न्हाई?” पुस्तकात ते नव्हते. लेखकाने ते लिहायला हवे होते.

शाळेचे मास्तर उत्तरेश्वर यांना उर्दू येते. त्यांनी नऊ उर्दू कादंबऱ्या मराठीत सांगाव्यात, अशी विनंती आहे. गोष्ट संपली की थांबावे. शेवटी तात्पर्य सांगू नये.

कलम पाचवे. दहाव्याची हकीकत. ही मृत्युपत्रात कशाला, असे कोणी विचारील. वारस कसा ठरला ते यात आहे.

ओढ्यावर मी नव्हते. तिघींनी मला वेगवेगळे सांगितले आणि तिघींचे जुळले, म्हणून लिहिते. सात घरचे तांदूळ आणून पिंड केला होता. ब्रिता कोळीण, म्हणून बाजारातून सुका बोंबीलही आणला होता. कावळा बाभळीवर बसून होता, खाली येईना. मेलेल्याची इच्छा राहिली असली तर कावळा शिवत नाही. ती इच्छा ओळखून कोणीतरी कबूल करावी लागते. मग बायकांचा वाद सुरू झाला.

बायनाबाई म्हणाल्या, “पोरात जीव अडकलाय तिचा. पोराला जपू म्हना.” तसे म्हटले. कावळा हलला नाही.

दुसरी म्हणाली, “थंडीनं गेली बिचारी. घोंगडं देऊ म्हना.” तेही म्हटले. कावळ्याने मान फिरवली.

दगडाबाई चिडल्या. “आता काय त्येला आख्खं पुस्तक वाचून दावायचं का?”

तेव्हा मंजुळाबाई म्हणाल्या, “होडी. दिरानं नेली ती होडी. तिची हाय म्हना तिला.”

दगडाबाईंनी हात जोडले. “ब्रिताबाई, तुजी होडी तुजीच हाय. दिराचा हक्क न्हाई तिच्यावर. आमी सात जनी साक्षीला हाव.” कावळा खाली आला.

कावळ्याबद्दल माझे काही मत नाही. बोंबील ठेवलेला होताच. पण मी ते पुस्तक तीनदा वाचले होते आणि माझ्या समजुतीने ब्रिताचा जीव मुलात होता. मी पेन्सिल घेऊन चौथ्यांदा वाचले. मुलाचे नाव अकरा ठिकाणी येते. होडी छत्तीस ठिकाणी येते. मेली त्या दिवशीही ती होडी बांधलेल्या दिराच्या धक्क्याकडे तोंड करून बसली होती. हे वाक्य मी स्वतः मोठ्याने वाचले होते आणि मला ते दिसले नव्हते. त्या सातांपैकी चौघींच्या जमिनी दिरांकडे आहेत.

दगडाबाईंना मी नंतर विचारले, ही कागदातली बाई आहे हे तुम्हाला ठाऊक होते ना?

“आमाला येडं समजती का तू? कागदातली हाय त्ये कळतंय. पर मेली तर मेली न्हवं? आन मागं कुनी न्हाई.”



जबान्यांच्या वेळी मी हजर होते. अमीनसाहेबांनी मयताची जात विचारली. दगडाबाईंनी कोळ्याची सांगितली. गाव विचारले. “लई थंडीचं.” तालुका विचारला. “तालुका बाईनं वाचला न्हाई.” प्रेत कुठे आहे विचारले. “बर्फात.” अमीनसाहेब दौत बाजूला ठेवून म्हणाले, “बीड जिल्ह्यात बर्फ? माझी मस्करी करता काय?” त्यावर दुसरी बाई आली, तिनेही बर्फच सांगितला. तिसरीनेही. सात जबान्यांत एकाही गोष्टीचा फरक पडला नाही. अमीनसाहेब मला म्हणाले, “बाई, वीस साल नोकरी झाली. सात गवाह एवढे सारखे बोललेले मी पाहिले नाहीत.” एकोणीस बैठकांत ऐकलेले सात जणींनी जसेच्या तसे सांगितले. माझ्या सहा वर्षांच्या कामाचा यापेक्षा चांगला दाखला मला कोणी दिलेला नाही.

मी मेले तर माझा दहावा दगडाबाईंनी करावा. माझ्या वेळी कावळ्यापुढे वाद घालत बसू नये. माझी इच्छा पुढच्या कलमात लिहिली आहे.

कलम सहावे. सर्व पुस्तके, अठरा वह्या, सागवानी पेटी आणि तिची किल्ली मी मंजुळाबाई यांना देते. त्यांना मराठी वाचता येते, थोडे लिहिताही येते. ते त्या दवाखान्यात बसल्या बसल्या बाटल्यांवरून शिकल्या. त्यांनी वाचलेला पहिला शब्द ‘विष’ हा आहे, लाल चिठ्ठीवरचा. एकदा फ्रान्सची एक कादंबरी वाचताना मी दीड पान गाळले. मंजुळाबाईंनी पाने उलटताना पाहिले होते.

“बाई, ते पान कावून सोडलं?”

“त्यात विशेष काही नव्हते.”

“मंग तोंड कावून लाल झालं?”

बायका हसल्या. मी ते पान वाचले. तेव्हापासून एकही ओळ गाळलेली नाही.

अटी दोनच. पहिली: बाजाराच्या दिवशी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मोठ्याने वाचावे आणि कोणाही बाईला दारातून परत पाठवू नये. दुसरी: पुस्तक कितीही अवघड असले तरी गाळू नये. दगडाबाईंच्या मागे घरही मंजुळाबाईंचे व्हावे.

हे घेणे सोपे नाही, ते मला माहीत आहे. पाटील गहिनीनाथ हे त्यांचे चुलत सासरे. मंजुळाबाईंच्या सासूबाई छबुबाई मला वाटेत थांबवून म्हणाल्या आहेत, “वाचून काय भाकरी टम्म फुगत्यात का?” मंजुळाबाईंनी जबानी दिली त्या संध्याकाळी घरात काय झाले ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्यांनी हे घेतले नाही तर पेटी हैदराबादेस डॉक्टरीणबाईंकडे जावी आणि तिथल्या एखाद्या वाचनालयात ठेवली जावी. पुस्तके तिथे सुरक्षित राहतील. या गावात मात्र ती राहणार नाहीत.

कलम सातवे. पाटील गहिनीनाथ यांच्याविषयी. त्यांनी वर्दी देताना मला एकदा विचारले असते, तर अर्ध्या घटकेत उलगडा झाला असता. त्यांनी विचारले नाही, कारण बाईला विचारायचे नसते. मी त्यांना काही देत नाही. एक मुभा ठेवते: बाजाराच्या दिवशी त्यांना गोष्ट ऐकावीशी वाटली, तर त्यांनी बायकांच्या मागे, दाराजवळ बसावे. मध्ये बोलू नये.

येथवर लिहिलेले सर्व माझ्या हस्ताक्षरात आहे. खाडाखोड एकही नाही. याआधी मी असा लेख केलेला नाही.

ठिकाण युसूफ वडगाव, दिनांक १२ माहे इस्फंदार सन १३३१ फसली.

सही: रुक्मिणी

साक्षीदार:
उत्तरेश्वर, मास्तर (सही. ‘तात्पर्याबाबतची अट मान्य.’)
दगडाबाई (डाव्या हाताचा अंगठा, लेख पूर्ण वाचून दाखवला)

लेखासोबतची चिठ्ठी, मंजुळाबाईंस.

मंजुळाबाई, वरचे कलम सहावे तुमच्याविषयी आहे. ते दोनदा वाचावे. मी २२ तारखेला सकाळी गाडीने लातूरला निघते आणि तिथून रेल्वेने पुढे जाते. जाण्याआधी हा दस्त केजच्या कचेरीत देऊन जायचा आहे, त्यामुळे पेटी कोणाच्या नावे राहील ते त्याआधी मला कळायला हवे. मला वाईट वाटेल म्हणून हो म्हणू नये. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून नाही म्हणू नये. उत्तर कोणाकडून तोंडी पाठवू नका. स्वतःच्या अक्षरात लिहा आणि खाली स्वतःचे नाव घाला. ते २० इस्फंदार रोजी दिवस मावळेपर्यंत माझ्या हाती पडावे.

रुक्मिणी