कृष्णाबाई हयात आहेत तोवर नदी पाहून जाण्याबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
नदी-नाले पडताळणी कक्ष,
पनवेल, जि. रायगड.

अर्जदार : शकू काळूराम वाघे, जमात कातकरी, धंदा मोलमजुरी, रा. टेपाची वाडी, ता. पनवेल.

विषय : धावरी नदीचा फेरपंचनामा तातडीने, शक्यतो आजच, करण्याबाबत.

संदर्भ : "पात्र कोरडे, पाण्याचा स्रोत आढळला नाही, भरावास हरकत नाही" असा शेरा असलेला आपल्या कक्षाचा मार्चमधील पंचनामा.

महोदय,

१. अर्जदार शकूबाईंना लिहिता येत नाही. त्या सांगत गेल्या आणि आपल्या कक्षाच्या फाटकाबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या, खाली सही करणाऱ्या इसमाने लिहून घेतले. अर्ज लिहिता लिहिता त्याचे केस पिकले आहेत, सरकारी भाषा त्याच्या बोटांना सवयीची आहे. तरी बाई मधे मधे रडत होत्या आणि लिहिणाऱ्याचेही चित्त थाऱ्यावर नव्हते, म्हणून जिथे भाषेचा तोल गेला असेल तिथे सांभाळून घ्यावे.

२. धावरी नदी पावसाळ्यात दोन्ही काठ धरून वाहते आणि होळीच्या सुमारास वरून आटते. मग पाहणाऱ्याला तिथे वाळू, गोटे आणि गुरांची वाट एवढेच दिसते. पाणी मात्र खाली असते. वाडीतल्या बायका ठरलेल्या जागी हातभर वाळू उकरतात, पाणी झिरपून साचते, ते करवंटीने कळशीत भरतात. याला झिरा म्हणतात. वाडीत नळ नाही. बोअर आहे, तिचा दांडा हलवला की नुसता सुस्कारा ऐकू येतो. वीटभट्टीवरून परतलेली माणसे घराचे दार उघडण्याआधी झिरा उघडतात. जन्मलेल्या पोराच्या ओठाला पहिले बोट याच पाण्याचे लागते. पावसाळ्यातले खेकडे-मासे याच नदीचे, वाडीचे देव तिच्या काठी, मसणवटही तिच्याच काठी. नदी बुजली तर वाडी कुठे जाईल, असे लिहिणाऱ्याने विचारले. बाई म्हणाल्या, "जानार कुटं? त्या भरावाखाली आमालाबी घाला म्हनावं."

३. आता मुद्द्याची गोष्ट, जी ऐकून आपणांस हसू येईल, पण हसू नये ही विनंती. वाडीत कोणी गेले की त्याचे दिवस होईपर्यंत झिरा बंद ठेवतात. वाळू तळहाताने सारखी करतात आणि वर चिमूटभर तांदूळ ठेवतात. गेलेल्या माणसाला वाटेत तहान लागते, तेवढे दिवस नदीचे पाणी त्याचे, जित्या माणसांनी त्याला हात लावायचा नाही, अशी रीत आहे. वाडी तेव्हा मैलभर लांबच्या फार्महाऊसवर जाऊन, माळ्याची बोलणी खाऊन पाणी आणते. शकूबाईंचे पती काळूराम मार्चमध्ये काविळीने वारले. त्यांचे दिवस चालू असतानाच आपले पथक आले. साहेबांनी शकूबाईंचे दीर भगवान यांना विचारले, नदीत पाणी आहे का? भगवान यांनी हात जोडून सांगितले, "आता नाय, साहेब." साहेब ज्या वाळूवर उभे होते तिच्याखालीच पाणी होते. पण ते त्या दिवसांत काळूरामचे, आपले म्हणून दाखवायचे कसे? भगवान खोटे बोलले नाहीत. साहेबांनीही जे ऐकले तेच लिहिले. पंच म्हणून वाडीने अंगठे उठवले आणि आपल्याच हाताने आपल्या नदीचे मरण लिहून दिले.

४. काळूरामचे दिवस झाले, झिरा उघडला, पाणी आजही आहे. शकूबाईंची मुलगी रोशनी मोबाईलवर फोटो काढून आपल्या कक्षात आली होती. खड्ड्यातले पाणी कुठलेही असू शकते, अधिकारी स्वतः पाहतील तेव्हाच ग्राह्य, असे तिला सांगण्यात आले. नियम म्हणून ते बरोबरच असेल. परंतु इकडे उलव्याकडून डंपर येऊ लागले आहेत. वरच्या वळणावर माती पडली आहे आणि ती रोज झिऱ्याच्या दिशेने सरकते आहे.

५. आणि आता खरी घाई. काळूरामची आई कृष्णाबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. लेकाच्या मागे त्यांनी अन्न सोडले. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले, त्याचा अर्थ वाडीलाही कळतो. आपल्या येण्याआधी म्हातारीचे डोळे मिटले, तर रीतीप्रमाणे झिरा पुन्हा बंद होईल, आपले पथक पुन्हा कोरडी वाळू पाहील, आणि दिवस होईतो डंपर थांबणार नाहीत. म्हणून शकूबाई सासूच्या उशाशी बसून तिला चमच्याने पेज भरवतात आणि मरू नको म्हणून विनवतात. म्हातारी विचारते, "आला का गो तुजा सायेब?" सुनेने सासूला नदीसाठी जगवावे, ही शरमेची गोष्ट आहे असे शकूबाईंनी स्वतःच सांगितले आणि लिहा म्हणाल्या, म्हणून लिहिले आहे.

६. या वेळी झिरा बंद करू नये, असे शकूबाईंनी वाडीपुढे बोलून पाहिले. त्यावर भगवान म्हणाले, "आपल्या आयला सुकी धाडतेस काय, वयनी?" पाणी म्हातारीसाठी राखून ठेवले तर नदी जाते आणि नदी ठेवली तर म्हातारी तहानेली जाते. यातले काय निवडायचे ते कोणत्या कायद्यात आहे, हे लिहिणाऱ्याला सापडले नाही. आपणांस सापडल्यास कळवावे.

७. तरी मायबाप, एवढेच करावे. आपण यावे. गाडी खारघरपर्यंत आली तरी चालेल, पुढे वाडी आपणांस खांद्यावरून नेईल. बायका आपल्यासमोर वाळू उकरतील, आपण ओंजळ भरून प्यावे आणि मग काय लिहायचे ते लिहावे. चहापाण्याचा त्रास देणार नाही. आपले येणे जमणार नसेल तर म्हातारीने किती दिवस थांबावे, ते तरी लेखी कळवावे.

आज आपल्या फाटकाशी बसून राहिलेली,
शकू काळूराम वाघे (डाव्या हाताचा अंगठा)

लिहून देणार : कुंदन ठोंबरे
दिनांक : २२ एप्रिल २०२५

सोबत :
१) मार्चमधील पंचनाम्याची प्रत
२) झिऱ्याचे पाणी, एक बाटली

ता. क. (२३ एप्रिल) : बाटलीची आवक करता येत नाही म्हणून काल हा अर्ज खिडकीवरून परत आला. बाटली काढून आज रोशनीच्या हाती पुन्हा सादर केला आहे. तिने सांगितलेले इथेच जोडत आहे.

कृष्णाबाई आज सकाळी वारल्या. भगवान तांदूळ घेऊन वाळू सारखी करायला गेले, तर शकूबाई झिऱ्याच्या तोंडाशी आडव्या झालेल्या. कोणी किती ओढले तरी त्या उठल्या नाहीत. वाडी त्यांच्याशी बोलेनाशी झाली आहे. सासूचे नाव घेऊन त्या मोठ्याने माफी मागत आहेत, पण वाळूला कोणाचा हात लागू देत नाहीत.

झिरा उघडा आहे, साहेब. पाणी दिसते आहे. म्हातारी तहानेली गेली. आता तरी या.