एवढ्या जवळून

प्रिय डोरीन,

डाव्या डोळ्यावर पट्टी आहे, त्यामुळे ओळी तिरक्या उतरतील. तसंही माझं अक्षर पाहून तू लहानपणी म्हणायचीस, कोंबडी बर्फावरून चालून गेली. पत्र घरी न पाठवता शाळेच्या स्वयंपाकघराच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण घरी तुझा केलन आहे आणि टपाल तोच आत आणतो. मुलांची जेवणं उरकली की तिथेच वाच. पाच आठवडे झाले, तू माझ्याशी बोलत नाहीस. चर्चमध्ये तीन बाकं सोडून बसतेस. ठीक आहे, बोलू नकोस. पण वाच, कारण प्रश्न एका बाईच्या जिवाचा आहे आणि ती बाई तुझी सून आहे.

गावात काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. डोळा एक गेला, कान दोन्ही शाबूत आहेत. न्हाव्याकडे शिरलो की सगळे गप्प होतात, पण बाहेर पडताना दाराशी जरा रेंगाळलं की ऐकू येतं, "अर्लने ऑनलाइनवाल्यांचा राग सख्ख्या भाच्यावर काढला. पोराने साठ डॉलर वाचवले, ते म्हाताऱ्याला झोंबलं." डॉक्टर माझ्या चेहऱ्यातून काचा वेचत होता तेव्हा तूही तेच म्हणालीस. तर तेवढं आधी कबूल करून टाकतो. हो, झोंबलं. लाकडाच्या गिरणीत अकरा वर्षं फळ्या ओढून मी हे दुकान उभं केलं. मग हमरस्त्यावर ते गावोगावी शाखा असलेलं भलंमोठं साखळी दुकान आलं. तंबू, बूट, गळ आणि बंदुका, सगळं एका छपराखाली. अर्धं गाव तिकडे गेलं आणि उरलेलं फोनवर बोट फिरवून मागवायला लागलं. पण मागवलेली बंदूक थेट घरी येत नाही ना! कायद्याने ती परवानावाल्या दुकानातच उतरते. म्हणजे माल दुसऱ्याचा, नफा दुसऱ्याचा, आणि कागद भरून ती हातात द्यायला मी, पंचवीस डॉलरवर. जेवायचं हॉटेलात आणि ताट विसळायला माझ्याकडे यायचं. त्या मंगळवारी खोक्यावर केलनचं नाव वाचलं तेव्हा मी मोठ्याने शिवी हासडली.

पण शिवी हासडून झाल्यावर मी फॉर्म काढला, डोरीन. तुला माझी सवय माहीत आहे. त्यातला पहिला प्रश्न मी प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवतो, पाद्र्यालासुद्धा. "ही बंदूक तू स्वतःसाठीच घेतोयस ना, दुसऱ्या कुणासाठी नाही?" लोक हसतात. "अर्ल, बंदूक देतोयस की लग्न लावतोयस?" हसू देत. साखळीवाल्यांकडे तो प्रश्न पडद्यावर येतो, बोट टेकवलं की सरकतो पुढे. मी वाचतो, कारण उत्तर देताना माणसाचा आवाज कसा येतो ते मला ऐकायचं असतं. केलन म्हणाला, "हो मामा, माझ्यासाठीच." नावावर गुन्हा आहे का, त्या सरकारी तपासणीला फोन लावला, तीन मिनिटांत मंजुरी आली. येणारच. त्याच्या बायकोने, ब्रिनाने, त्याच्याविरुद्ध कधी तक्रारच केली नव्हती.

पिस्तूल घ्यायला आलेला माणूस ते हातात तोलतो, चाप जड आहे म्हणून कुरकुरतो, गोळ्यांच्या भावावरून माझ्याशी भांडतो. केलनने खोकं उघडूनसुद्धा पाहिलं नाही. "आज मिळेल ना?" एवढंच, दोनदा. मी म्हटलं, पहिल्या पिस्तुलावर माझ्या नेमबाजीच्या मैदानात तासभर सराव फुकट असतो, ये उद्या सकाळी. तर हसला. "सराव कशाला, मामा? एवढ्या जवळून कोण चुकतं?"

ब्रिना दोनच दिवसांपूर्वी बॅग भरून बहिणीकडे निघून गेली होती. त्याआधी पाव विकत घ्यायला बेकरीत आली, तेव्हा बाहेर नोव्हेंबरचं काळंकुट्ट आभाळ आणि हिच्या डोळ्यांवर गॉगल. मी खोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "आज नाही, पोरा. हे परत जाईल, तुझे पैसेही परत येतील." आधी तो विनवण्या करत होता. मग ओरडला, "जळतोस, म्हाताऱ्या! साठ डॉलरसाठी जळतोस!" आणि त्याने माझी मानगूट धरून तोंड काउंटरच्या काचेत घातलं. दोनदा. तिसऱ्यांदा काच उरली नव्हती, तेव्हा चौकटीवर आपटलं. नाक मोडल्याचा आवाज ओली फांदी मोडावी तसा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. खाली मांडलेल्या शिकारीच्या सुऱ्यांवर माझंच रक्त ठिबकत होतं. मी खोकं पोटाशी घेऊन जमिनीवर पडलो आणि तो लाथा घालत राहिला. तीन बरगड्या गेल्या. माझ्या कमरेला माझं भरलेलं पिस्तूल होतं, डोरीन. हात तिथवर गेलाही होता. या हातांनी त्याला नेम धरायला शिकवलं आणि पहिलं हरीण पडलं तेव्हा हरणाच्या डोळ्यांवर तळवा ठेवून तो रडला होता. हात मागे आला. खोकं मात्र मी सोडलं नाही.

मग तो ट्रकमधला चाक खोलायचा पाना घेऊन ब्रिनाकडे गेला. शेरीफने अकरा घाव मोजले. हात तीन ठिकाणी मोडला, जबडा दोन ठिकाणी. तू म्हणतेस, मी पिस्तूल दिलं असतं तर तो एवढा चिडलाच नसता. याचा विचार मी रोज करतो, खोटं नाही सांगत. पण अकरा घाव घालायला वेळ लागतो. समोरच्या शेजारणीला आरडाओरडा ऐकून बूट चढवायला, बर्फाचं फावडं उचलायला आणि रस्ता ओलांडून ते त्याच्या डोक्यात घालायला पुरेल एवढा वेळ. पिस्तुलाला तेवढा लागला नसता.

परवा ब्रिनाला भेटलो. जबडा तारेने बांधलाय, नळीने सूप पिते. पाटीवर लिहिलं, "तो सुटला?" मी म्हटलं, जामिनावर आहे, पायात पोलिसांना ठावठिकाणा कळवणारा पट्टा आहे, बंदुकीला हात लावायची बंदी आहे. तिने पुसलं आणि लिहिलं, "आई काय म्हणतात?" आई म्हणजे तू. 

आपल्या आईची एक गोष्ट आपण दोघं कधीच बोललो नाही. बाबा पिऊन रायफल शोधत होते, आई गोठ्यात लपली होती. मी अकरा वर्षांचा. रायफल सापडली त्यांना, पण तिच्यातला बोल्ट मी आधीच काढला होता. बोल्ट नसला की रायफल म्हणजे नुसती काठी. तो मी पिठाच्या डब्यात खुपसला आणि ते फक्त तू पाहिलंस. बाबांनी तुला विचारलं. सात वर्षांची होतीस. पट्ट्याने पाठ सोलून काढली तुझी, तरी तू त्या डब्याकडे नजरसुद्धा वळवली नाहीस. मी टेबलाखाली बसून फटके मोजत होतो. मी दुकान काढलं तेव्हा तू हसली होतीस, म्हणालीस, बाबांचा मुलगा अखेर बंदुकाच विकणार. मी तुला सांगितलं नाही, पण हा धंदा मी त्या डब्यापाशी शिकलो, तुझ्याकडून.

आता हे पत्र का, ते सांगतो. काल ट्रुडीचा फोन आला. बारा वर्षं माझ्या काउंटरवर होती, साखळीवाले विमा देतात म्हणून तिकडे गेली. म्हणाली, "अर्ल, नोकरी गेली तरी चालेल, पण सांगते. तुझी बहीण आली होती. जन्मात बंदूक न धरलेली बाई, चिठ्ठीवरून वाचून पिस्तुलाचं नाव सांगत होती." ते नाव मला पाठ आहे. पाच आठवडे माझ्या बरगड्यांखाली तेच खोकं दुखतंय. तपासणीचं उत्तर यायचं आहे, शनिवारी तुला परत बोलावलंय. ट्रुडी तुला अडवेल, पण तू पुढच्या गावात जाशील, मला माहीत आहे. तो तुझ्यासमोर रडला असेल. कदाचित रडण्यापलीकडेही काही केलं असेल. तसं असेल तर बॅगसुद्धा घेऊ नकोस, मागच्या दाराने माझ्याकडे ये, मी कुलूप लावत नाही. तिथल्या पडद्यावर पहिल्या प्रश्नावर तू बोट टेकवलंस, तेव्हा तो तुला कुणी वाचून दाखवला नसणार. म्हणून मी वाचतो. ही बंदूक तू स्वतःसाठीच घेतेयस ना, डोरीन, दुसऱ्या कुणासाठी नाही?

तुझ्या उत्तराची वाट बघणारा, तुझाच,
अर्ल