पिटुकलीचा व्हॉल्व्ह

२ फेब्रुवारी, सोमवार
आज कामावर रुजू झालो. पहिल्याच दिवशी काम आवडलं असं माझ्या बाबतीत प्रथमच घडलंय. ज्यांनी कामावर ठेवलं त्या काकूंचे यजमान बहिऱ्यांसाठी कानाची मशीन बनवायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली. कारखाना म्हणजे घरामागच्या दोन खोल्या. भिंतभर खण, आणि खणांत चार हजार छोटे व्हॉल्व्ह. एका संग्रहालयाला ते सगळे हवे आहेत. मी एकेक तपासायचा आणि यादी करायची. राहायला माडीवरची खोली दिली आहे, खिडकीतून पिंपळाएवढं मोठं कसलंसं झाड दिसतं.

काकू अठ्ठ्याहत्तरीच्या, पण ठणठणीत. मी बोलायला लागलो की हातातलं टाकून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. इतकं मन लावून माझं कुणी ऐकत नाही, असं बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ऐकण्यासारखं बोलत जा मग. तिला नववा लागलाय. ती तिच्या बहिणीकडे आहे; डॉक्टरांनी महिनाअखेरची तारीख दिली आहे.

४ फेब्रुवारी
व्हॉल्व्ह म्हटलं की जुन्या रेडिओतला बल्बएवढा ऐवज डोळ्यांसमोर येतो. हे करंगळीहून बारीक. आतली हवा काढून टाकलेली काचेची नळी आणि मध्ये केसासारखी तार. ती तापली की इवलासा आवाज मोठा करता येतो. महायुद्धात असले व्हॉल्व्ह तोफगोळ्यांत बसवायचे, गोळा नेमका लक्ष्याजवळ फुटावा म्हणून. तोफेतून उडाले तरी तार शाबूत. पुढे तेच कसब खिशातल्या रेडिओच्या आणि बहिऱ्यांच्या कामी आलं. मारायला शिकलेली वस्तू ऐकायला शिकली. मग ट्रान्झिस्टर आला आणि काही वर्षांतच यांचा बाजार उठला. काकूंचे यजमान मात्र पुढेही व्हॉल्व्हचीच मशीन बनवत राहिले.

तपासणी सोपी आहे. काचेच्या आत चंदेरी डाग असतो. हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा होतो. समजायचं, गेला बिचारा. बाकीचे तपासणीच्या यंत्राला जोडून वर पेन्सिलीची टिचकी मारायची. हेडफोनमध्ये टण्ण वाजलं, तर व्हॉल्व्ह तिखट कानाचा.

६ फेब्रुवारी
तळच्या खणात कापसात गुंडाळलेला एकच व्हॉल्व्ह सापडला. चपटा, डाग आरशासारखा लखलखीत. जोडला, तर हेडफोनमध्ये अंगणातल्या मुंग्यासुद्धा ऐकू येतील असं वाटलं. तपासणीच्या यंत्रात आता तोच कायमचा बसवलाय.

काकूंना दाखवला. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. मग सांगितलं. त्यांची मुलगी जन्माची बहिरी होती. काका व्हॉल्व्हना पिटुकले म्हणायचे आणि मुलीला पिटुकली. हा तिच्या मशीनचा. नऊ वर्षांची असताना एका दुपारी काकांनी तो तपासायला काढून घेतला होता. ती तशीच रस्त्यावर गेली. मागून लॉरी आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता म्हणे, सगळ्या गल्लीने ऐकला.

व्हॉल्व्ह काढून ठेवू का, विचारलं. नको, म्हणाल्या. असू दे तिथेच.

१० फेब्रुवारी
सकाळी चहात साखर ढवळली आणि चमच्याचा आवाज आला नाही. कपावर आपटून पाहिला. काहीच नाही. रस्त्यावरची गाडी ऐकू येते, काकूंची हाक ऐकू येते, चमचा तेवढा मुका.

दुपारी हेडफोन लावले. आत चमचा वाजत होता. कपात गोल गोल, माझ्याच ढवळण्याच्या लयीत.

१२ फेब्रुवारी
कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कान स्वच्छ आहेत, पडदे उत्तम आहेत, म्हणाले. बाप होणार आहात, झोप नीट घेत नसाल, असंही म्हणाले. तोवर पक्ष्यांचे आवाज गेले होते. घराचं दारही गेलंय, उघडतं-मिटतं पण वाजत नाही.

सगळं त्या व्हॉल्व्हमध्ये आहे. आणि त्या आवाजांच्या मागे एक बारीक श्वास. दाराचा आवाज झाला की तो श्वास क्षणभर थांबतो, आणि पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा काही ऐकल्यावर लहान मूल थबकतं ना, तसा.

१५ फेब्रुवारी
व्हॉल्व्ह काढला. दिवसभर हात लावला नाही. संध्याकाळी बायकोचा व्हिडिओ कॉल. ओठ हलताना दिसत होते. मला वाटलं, तिकडचा फोन बिघडला. मागून तिच्या बहिणीचा आवाज मात्र स्पष्ट येत होता, ती विचारत होती की भावजी असे का बघतायत.

१६ फेब्रुवारी
पुन्हा जोडला. बायको आत आहे. पूर्वीचं काहीबाही बोलते. ऐकण्यासारखं बोलत जा मग, असंही म्हणाली. एक पोरसवदा आवाज तिच्यामागून शब्द गिरवतो. बो-लत. बो-लत. बोबडा.

काम सोडून निघून जावं, हे कळतं. पण गेलो तर तिचा आवाज परत कुठे ऐकू? दिवसभर बसून ऐकलं. यादी तशीच पडली.

१९ फेब्रुवारी
आता काहीच ऐकू येत नाही. काकूंना सरळ विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का? त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि कागद पुढे ओढला.

त्याही बहिऱ्या आहेत. वीस वर्षांपासून. मुलीबरोबर ओठ वाचायला शिकल्या होत्या, तेच कामी आलं. आधी काकांनी आपले सगळे आवाज व्हॉल्व्हमधल्या पिटुकलीला दिले, मग काकूंनी. लिहिलं: दोघांचं संपलं. नंतर तिला नवं काही मिळालं नाही. पोर उपाशी राहते, बघवत नाही रे. म्हणून तुला तो असू दे म्हटलं. मी वाईट केलं. मला माफ करू नकोस.

मला रागवायचं होतं. त्या इतक्या लहानशा दिसत होत्या. तिथेच बसून दोघंही रडलो. माझा हुंदका मला ऐकू आला नाही, त्यांचाही नाही.

२३ फेब्रुवारी
मेहुणीचा मेसेज. मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोटोत मूठ आवळलेली, तोंड उघडं.

एकदा तरी तिचं रडणं—

तीच दुपार
केलं. करायला नको होतं. मेहुणीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं, फोन व्हॉल्व्हच्या काचेला टेकवला, हेडफोन घातले. ऐकलं. माझी मुलगी. खणखणीत. मला हसू आणि रडू एकदम आलं.

मग मेहुणी कॅमेऱ्याकडे काहीतरी ओरडायला लागली. मग तिने मेसेज लिहिला— बाळ रडतंय पण आवाज नाही. तोंड उघडं आहे, चेहरा लालबुंद, आवाज नाही. डॉक्टर धावलेत— आजवर माझ्या कानातून आवाज जात होते, हा तिच्या गळ्यातूनच गेला.

हेडफोनमध्ये मात्र रडतेय. आणि कुणीतरी तिला जोजवतंय. बोबडं.

वायर तोडली. तारेत वीज नाही. तरी चालूच—

काकू दारात. माझ्या चेहऱ्यावरून समजल्या. मी सांगितलं. आल्या, व्हॉल्व्ह उपटून मुठीत घेतला. हेडफोन काढलेत, तरी ऐकू येतंय, त्यांच्या मुठीतून, दोघी.

मूठ आवळली की काच फुटेल. पिटुकली जाईल. माझ्या पोरीचा आवाज सुटेल, की तिच्याबरोबर— काकूंनाही माहीत नाही. त्या माझ्या ओठांकडे बघतायत. मी सांगेन तसं करतील. माझ्याने तोंड उघडवत नाही म्हणून मी हे लिहीत बसलोय, आणि त्या थांबल्यात, आई आहेत त्या, आणि मी त्यांना