एका बाजूचा भार

३ जुलै, रोहा
सरांचं पत्र. तीन ओळी. चौथं प्रकरण काढून टाक, मग प्रबंधावर सही करतो. नोंदणी डिसेंबरात संपते हेही आठवणीने लिहिलंय. पाच वर्षं त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करतेय, तारीख मला पाठ आहे.
चौथं प्रकरण म्हणजेच माझं काम: डीएनएचे तुकडे विजेने जेलच्या लिबलिबीत थरातून पळवायचे नि कोणता वाकून मागे राहतो ते बघायचं. पहिली तीन म्हणजे त्यांच्याच जुन्या पेपरांची उजळणी.
कॉलेजात दोन लेक्चरं घेतली, मग प्रॅक्टिकल.

५ जुलै
फोन केला. सर म्हणाले, "डीएनएवर ऋण भार असतो. तू तो काही ठिकाणचा काढलास. भार कमी झाला, म्हणून तुकडा जेलमधून हळू सरकला. यात वाकला कुठे?"
म्हटलं, "एकाच बाजूचा काढलाय सर. उरलेल्या बाजूचे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून तो रिकाम्या बाजूकडे वाकतो. वाकलेला तुकडा जेलच्या जाळीत अडखळतो."
"हे तुला वाटतं."
वाटतं. बरं.

८ जुलै, पेण
रामवाडीला आईकडे. वाल सोलत होती. तोंड बघून विचारलं, "काय गो, कोनाशी भांडलीस?"
सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल. तर म्हणे, "काढून टाक ती पानं. सही घे नि मोकली हो. मोठ्या मानसाशी वाद घालून कोनाचं भलं झालंय?"
तीस वर्षं मिठागरात राबली, मुकादमापुढे कधी मान वर केली नाही. तेच बोलून गेले. "तू गप्प बसलीस म्हणून मीपण बसू?"
बोलायला नको होतं. ती वाल सोलत राहिली. मीही शेजारी बसून सोलले. पण पानं काढणार नाही.

९ जुलै
पेण-रोहा एस.टी.त सुचलं. सर म्हणतात फक्त भार कमी झाला. ठीक. मग भार तेवढाच कमी करू, पण एका बाजूचा नाही, चहूबाजूंनी विखरून.
तिकिटाच्या मागे लिहिलं :
अ – पूर्ण भार.
ब – एका बाजूचे सहा काढलेले.
क – सहाच काढलेले, पण विखरून.
ब आणि क चा भार सारखा. सरांचं खरं असेल तर दोघे बरोबर चालतील. माझं खरं असेल तर ब मागे राहील.
इतकं साधं, नि पाच वर्षांत सुचलं नाही. स्वतःचाच राग आला. तुकडे मुंबईहून मागवायचे.

४ ऑगस्ट, रोहा
तुकडे आले. तीन इवल्या नळ्या.

६ ऑगस्ट
जेल लावलं, दोन तासांत लाइट गेली. आमच्या लॅबचे अटेंडंट गोरेकाका म्हणाले, "नाय यायची आता, मॅडम. खांबावर काम चाललंय." डीएनएचे पट्टे पसरून गेले. फेकून दिलं.

७ ऑगस्ट
ब मागे. स्पष्ट मागे. यूव्हीच्या दिव्याखाली गोरेकाकांनाही चष्म्याशिवाय दिसलं.
क सुद्धा अ च्या किंचित मागे आहे. म्हणजे सर अगदीच चूक नाहीत. तेही लिहून ठेवलं.

९ ऑगस्ट
पुन्हा तेच. ब मागे.

१३ ऑगस्ट
तिसऱ्यांदा ब आणि क जवळजवळ एका रेषेत.
जेवले नाही. जेल ज्यात बुडवतात ते खारं पाणी, बफर, मीच केलं होतं, घाईत. मीठ जास्त पडलं असेल. मीठ जास्त झालं की उरलेल्या भारांची ढकलाढकल मंदावते, तुकडा कमी वाकतो. पण 'पडलं असेल' हे प्रबंधात चालत नाही.

२० ऑगस्ट, मुंबई
तिन्ही फोटो सरांपुढे ठेवले. त्यांनी तिसराच उचलला. "इथे फरक कुठे आहे?"
"नाहीये. म्हणून तोही आणलाय. पहिल्या दोघांचं काय, सर?"
ते दोन्ही फोटो त्यांनी उजेडाकडे धरले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पेपरात काय आहे, माहीत आहे ना तुला?"
"माहीत आहे. भार कमी म्हणून हळू, एवढंच. तेवढा भाग चुकलाय, सर."
त्यांनी फोटो परत दिले. सही नाही.

२२ ऑगस्ट, रोहा
मार्गदर्शक बदलून मिळावा असा अर्ज दिला. प्राचार्य म्हणाले, "विद्यापीठाची कमिटी बसेल कधी, नवा माणूस मिळेल कधी. डिसेंबर उलटला तर सगळं पहिल्यापासून."
"करीन पहिल्यापासून."
त्यांनी शिक्का मारला.

२३ ऑगस्ट
आईचा फोन. अर्ज देणार हे मुंबईहून परतताना तिला सांगितलं होतं.
"दिलास अर्ज?"
"दिला."
"नाय मिलाली पदवी तर?"
"नाय मिलाली तर नाय."
मग म्हणाली, "रविवारी ये. मी रागावले नाय."

२ सप्टेंबर
कमिटीचं काही कळलेलं नाही. कळो वा न कळो.
आज मीठ काट्यावर तोलून दोन बफर केली, एक नेहमीचं, एक दुप्पट मिठाचं. दोन जेल शेजारी शेजारी लावली. माझं खरं असेल तर नेहमीच्यात ब मागे राहील, दुप्पट मिठात क ला गाठेल. निकाल माझ्या विरुद्ध गेला तर तोही चौथ्या प्रकरणात जाईल, माझ्या नावाने.
रात्रीचे पावणेबारा. लाइट आहे. जेलमधली रंगाची रेघ अर्ध्यावर आलीय.