दार मोजायचं राहिलं

३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आत ठमीचे कान चौथ्यांदा तपासताहेत आणि मी बाहेर लहान मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून हे लिहितो आहे. उजवा कान बंद, डावा नावापुरता. माझी लेक ओठ वाचते, हे त्यांना तीनदा सांगून झालं.

इकडच्या पद्धतीत अशा मुलांना वेगळी खोली असते. खोली झकास आहे. यंत्रं आहेत, मुलं चार. ठमीने ती पाहिली आणि बाकीची मुलं कुठे गेली म्हणून विचारलं. शेवटी मुख्याध्यापिकाबाई एक आठवडा तिला नेहमीच्या वर्गात बसवून बघायला तयार झाल्या. सोमवार, सोळा तारखेपासून. जमलं नाही तर कायमची वेगळी खोली. तू तिकडे सगळ्यांना एकत्र शिकवतेस, ते कसं जमवता ते कळव. भाची तुझ्यावर गेली आहे. ऐकत नाही याचा सगळा दोष कानांना देता येत नाही.

लोभ आहेच, त्यावर रंधा मारू नये.
धाकटा

८ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी इकडचे गोडवे गाईन असं समजू नकोस. इथे सगळी मुलं एका वर्गात आणि गरज असेल त्याच्या शेजारी एक मदतनीस बाई. माझ्या वर्गातल्या बाई इतक्या तत्पर, की गणितं त्याच सोडवतात. मैत्रिणीही त्यांनाच मिळाल्या. मुलगी बिचारी खिडकीबाहेर बघते.

जाऊबाईंच्या देशात बहिऱ्या मुलांची शाळाच निराळी. मी गेले तेव्हा जेवणाच्या खोलीत चिडीचूप आणि मुलं हसून लोळत होती. हातांनी माझीच नक्कल चालली होती, हे नंतर कळलं. तेव्हा वेगळ्या खोलीला नाकं मुरडू नकोस. ठमीला दुपारी तिथे हातांची भाषा शिकू दे.

वर्गात मात्र बाकं एकामागे एक नकोत. तिला नुसत्या वेण्या दिसतील आणि वेण्या बोलत नाहीत. सगळ्यांना अर्धगोलात बसवा. बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. तू सुतार आहेस, पुढचं तू बघ. फक्त मापं घे. बाबांनी खोलीत बसून केलेलं कपाट शेवटी खोलीसकट विकावं लागलं होतं.

माया आहे, पत्रं येत राहिली तर टिकेल.
ताई

१६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मापं घेतली. वर्गाची लांबी, रुंदी, मुलांचे गुडघे, ठमीची नजर. चौदा मुलांचं अर्धगोल टेबल एकसंध केलं, कारण सांधा दिसला की मला चैन पडत नाही. दार मोजायचं राहिलं.

आठ जणांनी उचललेलं टेबल व्हरांड्यात अडलं. मी करवत काढली. तेवढ्यात वर्गाच्या बाई आल्या आणि त्यांनी तिथेच वर्ग भरवला. फळा भिंतीतला, तो काही बाहेर येईना. त्यामुळे दिवसभर त्यांना मुलांकडे तोंड करूनच बोलावं लागलं. ठमीने तीनदा हात वर केला. एकदा उत्तर द्यायला, दोनदा चहाडी करायला. गर्दी पाहून वेगळ्या खोलीतली चौघंही दाटीवाटीने येऊन बसली.

हे अडगळीचं टेबल कधी हलवणार, असं मुख्याध्यापिकाबाईंनी जाताना विचारलं. करवतीला धार नाही, असं मी ठोकून दिलं.

रागावलीस तरी लिहून रागाव.
धाकटा

ता. क. १७ तारीख. आज सकाळी टेबलाभोवती अठरा खुर्च्या मांडलेल्या होत्या. वेगळ्या खोलीच्या दारावर मुख्याध्यापिकाबाईंच्या अक्षरात चिठ्ठी होती, खोली दुपारनंतर उघडेल अशी. मी करवत घरी आणली.