पाच अक्षरं जास्त

३ नोव्हेंबर
उपाशीपोटी शुगर ७८. डॉक्टरांनी इन्सुलिन सतरावरून बारावर आणलं. म्हणाले, "आजोबा, पेनच्या खिडकीतला आकडा पाहूनच टोचत जा." हो म्हणालो. खोटं बोललो! मोतीबिंदूमुळे त्या खिडकीत नुसतं धुकं. ही वहीसुद्धा मोठ्या अक्षरांत, अंदाजानेच लिहितो.

बायको, सिंधू, होती तोवर आकडा ती वाचायची. ती गेल्यापासून कानाने मोजतो. पेनची चकती फिरवली की एका युनिटला एक टक्. एका टकेला एक अक्षर. सतरा होते तेव्हा मंदाक्रांता वृत्तातली ओळ — भंडाऱ्याच्या शाळेत गुरुजींनी टेबलावर छडी वाजवून पाठ करून घेतलेली. ओळ संपली की डोस भरला. आता बारा, म्हणजे भुजंगप्रयात.

५ नोव्हेंबर
भुजंगप्रयात फार उड्या मारतं. दमायला होतं. मंदाक्रांता कशी टेकत टेकत चालायची, माझ्यासारखी.

८ नोव्हेंबर
परागचा रायपूरहून फोन. "बाबा, आकडा दिसते ना बरोबर? नसन दिसत तर घर बंद करा अन् इकडे या. मी रिस्क नाही घेत." दिसतो म्हणालो. सदतीस वर्षं इथल्या पोलादाच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावल्या, मग रिसालीत हे घर बांधलं. मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात मी कुणाची हजेरी लावू?

११ नोव्हेंबर
सकाळी गारठा होता. शाळेचं पटांगण आठवलं. ओल्या पाट्यांचा वास, गुरुजींचा खाकरा. ओठांवर आपोआप मंदाक्रांता आली. चकती फिरली. टोचलं! वर नाश्ता विसरून तसाच आठवत बसलो.
मग घाम. डोळ्यांपुढे अंधारी. शेजारची कलावती चटणीची वाटी घेऊन आली म्हणून बरं.
"काकाजी! एवढ्या थंडीत कावून भिजून राहिले?"
बोलता येईना. तिने साखरेचं पाणी पाजलं, मग पोळी भरवली. जरा शुद्धीवर आल्यावर अक्षरं मोजली — पाच जास्त! तिला सगळं सांगून टाकलं.
"कविता म्हणून सुई लावता? हे भगवान! माणूस औषधासंग अंताक्षरी खेळते काय?"

१२ नोव्हेंबर
कलावती सातला हजर. खिडकीत पाहून "बारा" म्हणाली, मगच टोचू दिलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबरही लावून आली. जाताना दारातून — "परागले तुमी सांगता का मी सांगू?"

१५ नोव्हेंबर
सांगितलं नाही. थकलो आहे. माठावर झाकण ठेवायलाही उठवत नाही.

१६ नोव्हेंबर
सांगितलं. एकही अक्षर न गाळता. वाटलं, पराग आता म्हणेल, सामान बांधा.
म्हणाला, "बाबा, मलेही परवापासून इन्सुलिन लावलं डॉक्टरनं. आठ युनिट. दोन दिवस झाले, पेन हातात घेऊन बसतो अन् ठेवून देतो. हिंमतच होऊन नाही राहिली." मग हळूच — "आठले काय म्हणता तुमी?"
अनुष्टुभ.
पण म्हटलं, आधी आकडा वाच. मोठ्यांदा. मी फोन धरून आहे.